आधी उत्पादन, मग ट्रेंड

‘पुण्यात स्मार्ट गाद्यांना तरुणाईची पसंती’, ‘नाशिककरांचा एअर प्युरिफायरकडे वाढता कल’. असे मथळे वाचले की बहुतेकांना वाटतं, हे पैसे देऊन छापून आणलंय. पुष्कळदा तसं नसतं. पैसे मोजून मजकूर छापून घ्यायची सोय आहेच. टाइम्स समूहाने २००३ मध्ये ‘मीडियानेट’ सुरू करून ती उघडपणे दिली, आणि आज बहुतेक संकेतस्थळांवर ‘प्रायोजित’ किंवा तशाच एखाद्या शिक्क्याखाली ती मिळते. पण इथे ज्या बातमीबद्दल लिहायचंय, तिच्या छपाईचे पैसे कोणी देत नाही. खर्च होतो तो आधीच्या दीड-दोन महिन्यांत, बातमी तयार करण्यावर.

पीआर म्हणजे जनसंपर्काचं काम करणाऱ्या एजन्सीत या प्रकाराला ‘इंडस्ट्री स्टोरी’ म्हणतात. ‘अमुक कंपनीने तमुक गादी बाजारात आणली’ ही झाली क्लायंटची बातमी. ती वाणिज्य पानावर दोन परिच्छेदांत आटोपते किंवा येतच नाही, कारण एवढंच सांगायचं असेल तर जाहिरात द्या, असं वर्तमानपत्राचं म्हणणं असतं आणि ते रास्तच आहे. इंडस्ट्री स्टोरीचा विषय कंपनी नसते. विषय असतो लोकांच्या वागण्यातला बदल, आणि कंपनीचा अधिकारी त्यावर भाष्य करणारा जाणकार म्हणून मधल्या परिच्छेदात येतो. त्यामुळे पुरवणीचं अर्धं पान मिळतं, फोटो लागतो, आणि मुख्य म्हणजे वाचक सावध नसतो.

समजा, एका गादी कंपनीला मार्चमध्ये एक महागडी गादी आणायची आहे. मार्चच का, तर जागतिक निद्रा दिन मार्चच्या विषुवदिनाआधीच्या शुक्रवारी येतो आणि त्या आठवड्यात सगळ्याच पुरवण्यांना झोपेवर काहीतरी हवं असतं. मग त्या तारखेपासून उलटं मोजायचं. आठवडाभर आधी मजकूर निवडक पत्रकारांकडे एम्बार्गो घालून, म्हणजे अमुक तारखेपर्यंत छापू नये या अटीवर, गेला पाहिजे. त्याआधीचे दोन आठवडे मसुदा, कायदा विभागाची मंजुरी आणि भाषांतरं यांत जातात. त्याआधी पाहणी. म्हणजे कामाला जानेवारीच्या मध्यात हात घालावा लागतो.

पहिल्या बैठकीत प्रश्नावली लिहिली जात नाही, मथळे लिहिले जातात. ‘दर तीन भारतीयांपैकी दोघांची झोप अपुरी’, ‘मुंबईकर सर्वात उशिरा झोपतात’, ‘गादी बदलायला हवी हे ६० टक्के लोकांना पटतं’ असे पाच-सहा. मग प्रत्येक मथळ्याला पोचवणारा प्रश्न बेतायचा. ‘तुम्हाला झोपेचा त्रास आहे का?’ असं विचारलं तर बरेच जण नाही म्हणतील. ‘गेल्या वर्षभरात सकाळी उठल्यावर थकल्यासारखं कधी वाटलं का?’ असं विचारलं तर जवळपास सगळे हो म्हणतात. उत्तराला ‘नेहमी, बऱ्याचदा, कधीतरी, कधीच नाही’ असे चार पर्याय द्यायचे आणि हिशेबाच्या वेळी पहिले तीन एकत्र करायचे. हो म्हणणाऱ्यांत ‘कधीतरी’वालेच सर्वाधिक असतात, पण मजकुरात ते ‘८४ टक्के नागरिकांना थकवा’ असे उतरतात. प्रश्नांचा क्रमही कामाला येतो. आधी पाठदुखीचे चार प्रश्न, आणि पाचवा ‘तुमची गादी किती जुनी आहे?’

यात कुठेही खोटं बोललेलं नाही, हे महत्त्वाचं. प्रत्येक सुटा भाग तपासला तर खरा निघतो. मॅनेजमेंटला, वकिलाला आणि पत्रकारालाही शांत झोप लागते ती त्यामुळेच.

पाहणी बहुधा ऑनलाइन पॅनलवर होते. पॅनल म्हणजे कूपन किंवा गुणांच्या बदल्यात प्रश्नावल्या भरून देणाऱ्या लोकांची तयार यादी. साधारण १,००० उत्तरं पुरतात, कारण त्या आकड्याला भारदस्तपणा येतो. निवड खरोखर यादृच्छिक असेल तर १,००० जणांच्या पाहणीत चुकीची मर्यादा (मार्जिन ऑफ एरर), म्हणजे आकडा खऱ्यापासून जितका हलू शकतो ती, सुमारे ३ टक्के अंक इकडेतिकडे एवढी असते. कूपनांसाठी फॉर्म भरणाऱ्यांची निवड यादृच्छिक नसतेच, त्यामुळे हे गणित लागू पडत नाही. पण ते सोडून दिलं तरी खरी गंमत पुढे आहे. हेच १,००० जण दहा शहरांत वाटले की पुण्याच्या वाट्याला १०० येतात आणि मर्यादा जवळपास १० अंकांवर जाते. त्यातल्या ५० स्त्रिया वेगळ्या काढल्या तर १४ वर. आता ‘पुण्यातल्या ६१ टक्के महिला रात्री बारानंतर झोपतात, नागपुरात हेच प्रमाण ५२ टक्के’ असा मजकूर दोन्ही शहरांत जातो. नऊ अंकांचा हा फरक निव्वळ योगायोग असू शकतो. बातमीत मात्र पुण्याच्या जीवनशैलीवर तीन वाक्यं येतात.

शहरवार आकडे काढायचं कारण संशोधनाचं नसून वितरणाचं असतं. एकच प्रेस नोट दहा आवृत्त्यांना दिली तर ती दहाही ठिकाणी शिळी वाटते. प्रत्येक शहराचं नाव पहिल्या ओळीत असलेल्या दहा नोटा दिल्या तर दहा स्थानिक बातम्या होतात.

बरेच प्रश्न विचारण्यामागेही हिशेब आहे. चौदा प्रश्न, दहा शहरं, चार वयोगट, स्त्री-पुरुष असं आडवंउभं कापलं की शेकडो चौकटी तयार होतात आणि त्यांत काही चकित करणारे आकडे आपोआप सापडतात. जॉन बोहॅनन या पत्रकाराने २०१५ मध्ये हे मुद्दाम करून दाखवलं. अवघी १५ माणसं, १८ वेगवेगळी मोजमापं, आणि निष्कर्ष असा की चॉकलेट खाल्ल्याने वजन लवकर उतरतं. निव्वळ योगाने पाच टक्क्यांहून कमी वेळा येईल तोच निष्कर्ष ‘लक्षणीय’ मानायचा, या नेहमीच्या कसोटीवर, मोजमापं एकमेकांपासून स्वतंत्र धरली तर, १८ पैकी निदान एक तरी निव्वळ योगाने ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता सुमारे ६० टक्के असते. त्याने प्रेस नोट काढली आणि जर्मनीतल्या ‘बिल्ड’ या दैनिकासह अनेक ठिकाणी ती बातमी झळकली. प्रयोगात माणसं किती होती, एवढं विचारलं असतं तरी फुगा फुटला असता.

आकडे आले की माणसं गोळा करायची. एक डॉक्टर लागतो. त्याला सहसा पैसे द्यावे लागत नाहीत, नाव छापून येणं पुरतं. तो बोलतो ते वैद्यकीयदृष्ट्या बरोबरच असतं. झोप कमी झाली की रक्तदाबावर परिणाम होतो वगैरे. आपलं वाक्य छापल्यावर कोणत्या वाक्याशेजारी बसणार आहे, हे मात्र त्याला माहीत नसतं. मग एक ‘केस स्टडी’, म्हणजे गादी बदलून सुखी झालेलं जोडपं. ते बरेचदा कंपनीच्याच ग्राहकांतून किंवा कर्मचाऱ्यांच्या ओळखीतून येतं. शेवटी प्रतिस्पर्धी. ऐकायला विचित्र वाटेल, पण चांगली इंडस्ट्री स्टोरी विकायची तर दोन स्पर्धकांची नावं स्वतःहून सुचवावी लागतात. एका कंपनीचा माणूस बोलला तर ती जाहिरात, तिघे बोलले तर ट्रेंड, असा न्यूजरूमचा अलिखित नियम आहे. त्या स्पर्धकांनाही गाद्याच विकायच्या असतात, त्यामुळे ‘नाही हो, आमच्याकडे अशी काही मागणी दिसत नाही’ असं कोणी म्हणत नाही. तिन्ही साक्षीदार एकाच पक्षाचे. क्लायंटला हे पटवणं अवघड जातं. त्याला बातमीत आपलं एकट्याचं नाव हवं असतं. या हट्टापायी बऱ्याच पिच, म्हणजे पत्रकारापुढे मांडलेले बातमीचे प्रस्ताव, मरतात.

पिचचा मेल दीडदोनशे शब्दांचा, विषयाच्या ओळीत शहराचं नाव आणि एक आकडा. कंपनीचं नाव पहिल्या परिच्छेदात घालायचं नाही. सोबत छापण्याजोगे मोठे फोटो आणि उघडता येईल अशी वर्ड फाईल, कारण पीडीएफमधून मराठी मजकूर उचलला की जोडाक्षरं फुटतात. आणि वैतागलेला उपसंपादक नोट बाजूला टाकतो. दैनिकाची जुनी फॉन्टपद्धत असेल तर युनिकोड आणि श्रीलिपी अशा दोन्ही प्रती. फोन सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान. संध्याकाळी सहाला पानं लागत असताना फोन करणाऱ्याचा नंबर कायमचा लक्षात राहतो, चांगल्या अर्थाने नव्हे.

मराठी नोटांत आणखी एक घोळ होतो, तो भाषांतराचा. मूळ इंग्रजी मजकूर गुरुग्राम किंवा मुंबईत लिहिलेला, त्याचं भाषांतर शब्दांच्या दरावर आणि काही तासांत उरकलेलं. ‘मिलियन’चे कोटी होतात, ‘बिलियन’चे लाख. ३०० टक्के वाढीला ‘तिप्पट’ लिहिलं जातं; खरं तर ३०० टक्के वाढ म्हणजे चौपट. मराठी वाणिज्य पानावर असा आकडा दिसला की तो मूळ इंग्रजी नोटेशी ताडून पाहावा. फरक दिसला तर निदान हे कळतं की मधल्या कोणीही तो आकडा समजून घेतलेला नाही.

ही सगळी यंत्रणा नवी नाही. तिचा नमुनेदार प्रयोग न्यूयॉर्कमध्ये १९३४ मध्ये झाला. लकी स्ट्राइक सिगारेटचं पाकीट तेव्हा गर्द हिरवं होतं. ते आपल्या कपड्यांच्या रंगांशी जुळत नाही म्हणून बायका घेत नाहीत, असं पाहणीत दिसलं. अमेरिकन टोबॅको कंपनीचे प्रमुख जॉर्ज वॉशिंग्टन हिल यांनी सल्ला मागितला जनसंपर्क सल्लागार एडवर्ड बर्नेज यांचा. हे तेच बर्नेज, ज्यांनी १९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर तरुणींना सिगारेट ओढत चालायला लावलं आणि त्याला ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ म्हणून बातम्यांत आणलं. बर्नेज म्हणाले, पाकिटाचा रंग बदला. हिल म्हणाले, त्या रंगाच्या जाहिरातीवर लाखो डॉलर घातलेत, बदलणार नाही. मग उरला एकच मार्ग: हिरव्या रंगाचीच फॅशन आणायची.

बर्नेज यांनी तंबाखूचं नाव कुठेही येऊ दिलं नाही. वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात एका इस्पितळाच्या मदतीसाठी ‘ग्रीन बॉल’ ठरवला. खर्चाला २५,००० डॉलर देणारा दाता अनामिक. अट एवढीच की सगळ्यांचे पोशाख हिरवे हवेत. रेशीम उत्पादकांना कळवलं की हिरव्याची मागणी येणार आहे, तयारीत राहा. त्यांच्यातल्या एका कंपनीच्या प्रमुखाने फॅशन संपादकांना जेवायला बोलावलं, त्यात पदार्थसुद्धा हिरवे. तिथे एक मानसशास्त्रज्ञ हिरव्या रंगाच्या मनावरच्या परिणामांवर बोलला आणि कलेचा एक प्राध्यापक थोर चित्रकारांच्या हिरव्यावर. शिवाय रंगांच्या फॅशनची माहिती पुरवणारा एक ‘ब्युरो’ काढला आणि तो दुकानांना, गृहसजावटकारांना, वर्तमानपत्रांना पत्रं पाठवत राहिला. आजच्या पिचमधले सगळे अवयव इथे आहेत: तटस्थ दिसणारी संस्था, तज्ज्ञ, धर्मादाय निमित्त, आणि आधीच चाहूल दिल्यामुळे माल भरून बसलेले व्यापारी. हा शेवटचा अवयव सर्वात परिणामकारक, कारण दुकानात खरोखरच हिरवे कपडे टांगलेले दिसले की ट्रेंड खोटा आहे असं म्हणायची सोय राहत नाही.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. या मोहिमेचा तपशील आपल्याला मुख्यतः बर्नेज यांच्याच आठवणींतून मिळतो, आणि पीआरवाल्याने स्वतःच्या यशाची सांगितलेली गोष्ट ही शेवटी पीआरच. हिरवा रंग त्यांच्यामुळे किती चालला आणि एरवीच किती चालला असता, हे वेगळं काढता येत नाही. पुढचं मात्र बोलकं आहे. ज्या पाकिटाचा रंग बदलायला हिल तयार नव्हते, ते १९४२ मध्ये पांढरं झालं. कंपनीने सांगितलं, हिरव्या शाईला लागणारा धातू युद्धासाठी हवा आहे, ‘लकी स्ट्राइकचा हिरवा युद्धावर गेला’. पांढरं वेष्टन रेमंड लोवी या डिझायनरने बायकांना आवडावं म्हणूनच आखलेलं होतं. जुनी अडचण आठ वर्षांनी सुटली, आणि तिलाही देशभक्तीची प्रेस नोट लागली. रंगांचं म्हणाल तर २००० पासून पँटोन ही कंपनी ‘वर्षाचा रंग’ जाहीर करते. तिचा धंदाच रंगांचे नमुने आणि परवाने विकण्याचा आहे, आणि डिसेंबर आला की जगभरच्या पुरवण्या तो रंग तिच्यासाठी फुकट छापतात.

तज्ज्ञ भाड्याने घेण्याची पद्धत किती थराला जाते, हे ‘ब्लू मंडे’वरून कळतं. जानेवारीतला तिसरा सोमवार हा वर्षातला सर्वात उदास दिवस, असं शास्त्रज्ञांनी सूत्राने काढलंय म्हणे. हे सूत्र २००५ मध्ये ब्रिटनच्या स्काय ट्रॅव्हल या वाहिनीच्या प्रेस नोटेतून आलं. हेतू सहली विकण्याचा. त्यावर नाव होतं क्लिफ आर्नल यांचं, ते कार्डिफ विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण केंद्रात अर्धवेळ शिकवत. सूत्रात हवामान, कर्ज, नाताळ होऊन गेलेले दिवस, मोडलेले संकल्प असं सगळं गुणून-भागून टाकलेलं, पण कशालाच एकक नाही. पीआर कंपनी तयार सूत्र घेऊन वेगवेगळ्या प्राध्यापकांकडे सहीसाठी फिरत होती, हे ब्रिटिश डॉक्टर आणि लेखक बेन गोल्डेकर यांनी नंतर उघड केलं. याच आर्नल यांनी वर्षातला सर्वात आनंदी दिवसही काढून दिला. तो जूनमध्ये येतो आणि त्यामागे आइस्क्रीम कंपनी होती. विद्यापीठाने हात झटकले, तरी ब्लू मंडे आजही दर जानेवारीत छापून येतो.

धंद्यापुरत्या ट्रेंडमध्ये तज्ज्ञाची जागा बाजारपेठेचा अहवाल घेतो: ‘ही बाजारपेठ २०३० पर्यंत इतक्या अब्ज डॉलरवर जाणार, वार्षिक चक्रवाढ दर २६ टक्के’. अहवाल हजारो डॉलरला विकला जातो आणि त्यातला हा एक आकडा जाहिरातीसाठी फुकट वाटला जातो. २६ टक्के चक्रवाढ म्हणजे तीन वर्षांत दुप्पट आणि दहा वर्षांत दहापट. गाद्यांचा, कुत्र्यांच्या खाद्याचा किंवा कशाचाही धंदा दहापट व्हायला काय काय घडावं लागेल याचा विचार केला की आकडा हलका होतो. शिवाय बाजारपेठेत काय काय धरलंय हे बघायला अहवाल विकत घ्यावा लागतो. मेटाव्हर्सच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या त्रिमितीय आभासी जगाच्या, वेळी हे लख्ख दिसलं. फेसबुक कंपनीने ऑक्टोबर २०२१ मध्ये नाव बदलून ‘मेटा’ केलं. मार्च २०२२ मध्ये सिटी बँकेने २०३० साठी ८ ते १३ लाख कोटी डॉलरचा अंदाज दिला, जूनमध्ये मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने ५ लाख कोटींपर्यंतचा. एकाच गोष्टीचे दोन मोठे अंदाज, आणि फरक भारताच्या तेव्हाच्या संपूर्ण अर्थव्यवस्थेएवढा किंवा जास्त. कारण कोणी कशाला मेटाव्हर्स म्हणायचं हेच ठरलं नव्हतं. आपल्याकडे फेब्रुवारी २०२२ मध्ये तामिळनाडूतल्या एका जोडप्याने मेटाव्हर्समध्ये स्वागत समारंभ केला आणि तेवढ्यावर ‘लग्नांचा नवा ट्रेंड’ उभा राहिला. त्याच वर्षी मेटाच्या संबंधित विभागाला सुमारे १३.७ अब्ज डॉलरचा तोटा झाला.

पाहणी परवडत नसेल तर कंपनी स्वतःचाच डेटा देते, आणि तो पाहणीपेक्षा फसवा, कारण तो खरा असतो. ‘आमच्या ॲपवर ज्वारीच्या पिठाच्या ऑर्डर चौपट झाल्या’. त्याच काळात ॲपचे ग्राहक चौपट झाले असतील तर माणशी ज्वारी तितकीच आहे, वाढलंय फक्त ॲप. गूगल ट्रेंड्सच्या आलेखाचंही तसंच. त्यातला १०० म्हणजे शंभर लोक किंवा शंभर टक्के नव्हे, निवडलेल्या काळातला सर्वोच्च बिंदू. नगण्य विषयाचाही आलेख १००ला टेकतोच. सोन्याच्या बातम्यांत तर हे दर अक्षय्य तृतीयेला आणि धनत्रयोदशीला होतं. भाव ३० टक्के चढला आणि लोकांनी १० टक्के कमी वजन घेतलं, तर रुपयांतली विक्री १७ टक्के वाढते. ‘मुहूर्तावर सोनेखरेदीत १७ टक्के वाढ’ हा मथळा आणि ‘लोकांनी सोनं कमी घेतलं’ ही वस्तुस्थिती दोन्ही एकाच आकड्यातून निघतात. त्यातही पुष्कळ बातम्या मुहूर्ताच्या आदल्या दिवशीच येतात, म्हणजे तो विक्रेत्यांच्या संघटनेचा अंदाज असतो.

पत्रकाराला हे कळत नाही असं नाही. पुरवणीची पानं ठरलेली, माणसं कमी, आणि समोर आकडे, डॉक्टर, जोडपं, फोटो असं सगळं मांडून आलेलं. तरी एक मेल पुरतो: पूर्ण प्रश्नावली पाठवा, प्रत्येक प्रश्नाला किती जणांनी उत्तर दिलं ते पाठवा, आणि गेल्या वर्षीचा हाच आकडा द्या. तिसरी मागणी सर्वात जड जाते. वाढ सांगायला दोन मोजमापं लागतात, आणि ट्रेंडच्या बहुसंख्य नोटांत एकच असतं. उत्तर येतं, ‘क्लायंटकडून कन्फर्म करून सांगतो’. छापायची वेळ टळेपर्यंत ते कन्फर्म होत नाही.

बातमी आली की तिचं मोजमाप होतं. जागेचे चौरस सेंटीमीटर गुणिले जाहिरातीचा दर, आणि बातमी जाहिरातीपेक्षा विश्वासार्ह म्हणून वर आणखी तीनने गुणायचं. २०० चौरस सेंटीमीटर, दर समजा १,००० रुपये, म्हणजे दोन लाख. तीनने गुणून सहा लाखांचं कव्हरेज. जनसंपर्काचं मोजमाप कसं करावं हे सांगणाऱ्या २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांनी या पद्धतीला जनसंपर्काचं मूल्य मानायला नकार दिला, पण महिनाअखेरच्या अहवालात ती टिकून आहे. कात्रणं फाईलमध्ये लागतात आणि पुढच्या जानेवारीत बाहेर येतात. नव्या पिचच्या दुसऱ्या परिच्छेदात तेव्हा लिहिलेलं असतं: ‘गेल्या वर्षभरात अनेक आघाडीच्या वृत्तपत्रांनी या बदलत्या प्रवाहाची दखल घेतली आहे’, आणि पुराव्यादाखल जोडलेलं असतं स्वतःचंच कात्रण.